काकूंच्याच फोनची घंटा का वाजली

मागच्या मंगळवारी सकाळी आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं आणि मी बनवलेली घंटा वाजलीच नाही... काकूंचं घर सोडून कुठंच नाही.

आम्ही हर्सूलच्या पुढं, नव्या रो-हाऊसमध्ये राहतो. शहर वाढत वाढत आमच्यापर्यंत आलं, पाणी मात्र मागंच राहिलं. तलावाचा तळ दिसतोय, बोअर आटलंय, नळाला आठ-दहा दिवसांनी कधीतरी पाणी येतं. तेव्हा जो मोटर लावेल त्याचा हौद भरतो, बाकीच्यांनी टँकरची वाट बघायची.

त्याआधीच्या वेळी आमचं पाणी हुकलं होतं. घरात बाळंतीण बायको, दीड महिन्याचं बाळ... आणि मदतीला पिशोरहून आलेल्या सासूबाई. त्या बिचाऱ्या हौदात डोकावून बघायच्या आणि मग बाळाच्या आंघोळीचं पाणी काढायच्या. "गावाकडं लई बरं होतं जावईबापू," एवढंच एकदा म्हणाल्या. मला इतकं लागलं की विचारू नका.

मी वेबसाईट बनवायचं काम करतो, घरूनच. म्हटलं, टँकर आणता येत नाही, निदान घंटा तरी वाजवू. गल्लीच्या तोंडाशी मास्तर राहतात, त्यांच्या नळाला सगळ्यात आधी पाणी येतं. त्यांनी एका पेजवर बटण दाबायचं, की ज्यांच्या ज्यांच्या फोनवर ते पेज उघडं असेल त्या सगळ्यांकडं घंटा... व्हॉट्सॲप ग्रुपचा काही उपयोग नव्हता. शुभ सकाळच्या फुलांना वैतागून निम्म्या गल्लीनं तो म्यूट करून टाकलाय.

आवाजासाठी आधी एक मोठी लायब्ररी घेतली... लायब्ररी म्हणजे कुणीतरी आयता लिहून ठेवलेला कोड. तिच्यामुळं लोकांच्या जुन्या फोनवर पेज उघडता उघडेना. मग एक अगदी चिमुकली सापडली. ब्राउझरमध्ये आवाज वाजवायचा, बाकी कशात नाक खुपसायचं नाही. लॅपटॉपवर बटण दाबलं की ठणठण. खूश होऊन गल्लीभर लिंक पाठवली आणि सगळ्यांनी घरातला एकेक जुना फोन चार्जरला लावून, पेज उघडून ठेवून दिला.

आणि मंगळवारी... मी वर ऑफिसच्या कॉलवर. आमचा फोन खाली स्वयंपाकघरात, सासूबाई तिथंच पोळ्या लाटतायत. एकदम बाहेरून ताट बडवल्याचा आवाज. बघतो तर शेजारच्या काकू, बँकेतून रिटायर झालेल्या, एरवी मोठ्यानं बोलत नाहीत... त्या फाटकात उभ्या राहून ताट बडवतायत. "मोटर लाव रे, पाणी आलंय, मास्तरांची घंटा वाजली."

कॉल तसाच सोडून पळालो. मोटर लावली, पाइप थरथरला, हौदात धार पडली आणि मी तिथंच पायरीवर बसलो. काकू नसत्या तर आणखी आठ दिवस त्या बाळाचं काय केलं असतं आम्ही...

आत येऊन फोन बघितला. 'पाणी आलं' असं मोठ्या अक्षरात दिसत होतं आणि आवाज मात्र नाही. गल्लीत सगळ्यांचं तेच. "काय इंजिनियर, मुकी घंटा लावली व्हय," हे दिवसभर ऐकलं. त्या चिमुकल्या लायब्ररीला मनातल्या मनात मीही बरंच सुनावलं.

पण मग काकूंच्या फोनवर कशी वाजली? विचारायला गेलो. फोन चक्क देवघरात, बाळकृष्णाशेजारी. "मी काही नाही केलं रे बाबा," काकू म्हणाल्या. "सकाळी पूजा करताना त्यालाही हळदीकुंकू लावलं. एवढं पाण्याचं काम करणार तो." स्क्रीनच्या मधोमध कुंकवाचं बोट.

बोट... तिथंच डोक्यात प्रकाश पडला. माणसाचं बोट एकदा लागल्याशिवाय ब्राउझर कुठल्याच पेजला आवाज काढू देत नाही. जाहिराती आपोआप बोंबलू नयेत म्हणून ही सोय. मी लॅपटॉपवर दर वेळी बटण दाबूनच बघत होतो, म्हणून माझ्याकडं वाजायची. बाकीच्यांनी पेज उघडलं आणि शहाण्यासारखं हात न लावता ठेवून दिलं. लायब्ररी बिचारी निर्दोष.

संध्याकाळी पेजवर मोठ्ठं बटण टाकलं, 'इथं एकदा बोट लावा'. मग घरोघरी फिरून प्रत्येकाकडून लावून घेतलं.

आज सकाळी पाणी आलं... आणि अख्ख्या गल्लीत एकदम ठणाणा. आमचं बाळ दचकून उठलं आणि टाहो फोडला त्यानं. मी त्याला घ्यायला धावलो, तर सासूबाईंनी मोटरकडं बोट दाखवलं. "त्याला रडू द्या जावईबापू, आधी ते बटण दाबा."

आता हे लिहितोय, तो अजून रडतोय, हौद भरतोय... आणि मला दोन्ही आवाज फार गोड लागतायत.