कागदावरची सही
एप्रिलमध्ये बर्फासाठीचे विंटर टायर बदलताना नट पुरता आवळला की पान्याचा ‘कट्’ आवाज येतो आणि आजही माझं डोकं फिरतं, स्वतःवरच. सात-आठ वर्षांपूर्वी धाकट्या भावाला पहिल्यांदा रेसच्या सर्किटवर गाडी चालवायची होती. तिथे पोचल्यावर मी त्याच्या गाडीला रेसचे टायर लावत होतो. शेवटच्या चाकाचे नट नुसते हाताने फिरवले होते, तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन आला. “धाकट्याला सांभाळ रे.” “मी आहे ना,” म्हणालो, फोन ठेवला आणि तपासणीच्या कागदावर ‘सगळे नट आवळले’ या ओळीपुढे सही ठोकली. तिसऱ्याच फेरीत तो थडथडणारी गाडी कशीबशी सर्किटच्या कडेला, दुरुस्तीच्या पिटमध्ये घेऊन आला. जळक्या रबराचा वास सुटला होता आणि त्याच शेवटच्या चाकाला पाचांपैकी दोनच नट उरले होते. पाहताक्षणी मला कळलं, आणि तरी मी सगळ्यांदेखत त्याच्यावरच ओरडलो, “अक्कल आहे का? वळणावर अशी हाणतात गाडी? मेला असतास!” “दादा, हळू बोल ना,” एवढंच तो म्हणाला. तपासनीसाने कागद पुढे धरून सही कुणाची विचारलं, तेव्हा भावाने माझ्याकडे न बघता सांगितलं, “दादाने नट आवळले होते, नंतर मीच ते सैल केले.” त्याला दिवसभरासाठी बाहेर काढलं. मी ते तसंच होऊ दिलं, आणि घरी येईपर्यंत त्यालाच बोलत राहिलो. आता तो ओटावाला असतो. टायर बदलायला येऊ का विचारलं की हसून म्हणतो, “राहू दे दादा, दुकानात देतो मी.”