दफ्तर आणि दप्तर

तारखा माझ्या वहीत आहेत. वाचकाला वार पुरेत. रविवारी मी मोटरहोम-मालकांच्या मेळाव्यासाठी अर्ज केला. बुधवारी कार्यवाहांनी स्वतःच्या सहीने प्रवेश मंजूर केला. पुढच्या शुक्रवारी सकाळी, कुवेतच्या दक्षिणेला, मीना अब्दुल्ला गावाच्या पलीकडे वाळवंटातल्या फाटकावर, त्यांनीच आम्हाला अडवले. जबाबदार तीन: कार्यवाह; त्यांच्या शेजारी निवांत कॉफी पीत उभे असलेले अध्यक्ष; आणि, न्यायाने सांगायचे तर, माझा उच्चार.

आमची गाडी पूर्वी एगैलातल्या एका दुकानाची भाजी वाहत असे. निवृत्तीपूर्वीच्या दोन हिवाळ्यांत मी तिच्यात पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. पत्नीने पडदे शिवले. तपासणी रीतसर झाली, नोंदणी बदलली. येत्या उन्हाळ्यात आम्ही कुवेत कायमचे सोडणार, म्हणून हा मेळावा आमचा पहिला आणि शेवटचा. पत्नीला एवढेच हवे होते की मोटरहोमच्या रांगेत आपलीही गाडी उभी राहावी आणि आपण दार उघडून चार माणसांना चहाला बोलवावे.

कार्यवाह रत्नागिरीकडचे, वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, दाराच्या रंगाखाली अजून अंधूक दिसणाऱ्या टोमॅटोच्या चित्रावर बोट ठेवले आणि म्हणाले, "काका, बाजार मागे राहिला. इथे मोटरहोम येतात."

मागच्या गाडीतले हसले. पत्नीने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

गाडी मोटरहोम म्हणूनच नोंदलेली आहे हे दाखवायला मी पत्नीकडे दफ्तर मागितले. गाडीच्या नोंदणीपत्राला इथे सगळे दफ्तर म्हणतात, आणि निघताना मी तिला घाईत तेच गाडीत ठेवायला सांगितले होते. तिने सीटखालून काढून दिले ते मात्र दप्तर: माझ्या पत्रांच्या नकलांची खाकी पिशवी, जिला आमचा मुलगा 'बाबांचं हायकोर्ट' म्हणतो. नोंदणीपत्र घरी टेबलावर राहिले होते आणि मोबाइलला रेंज नव्हती.

"तुम्ही दप्तर म्हणालात," ती हळूच म्हणाली. "आपल्या घरात दुसरं कुठलं दप्तर आहे?"

पण त्या पिशवीत सारे क्रमाने असते. अर्जाची नक्कल, तिला टाचलेली नोंदणीपत्राची छायाप्रत आणि वर कार्यवाहांचे मंजुरीपत्र. ते मी मागच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सहीसकट वाचून दाखवले. अध्यक्षांनी कॉफी खाली ठेवली, कागद हातात घेतला आणि सही कोणाची, एवढेच विचारले. फाटक उघडले.

दोन अवाढव्य पांढऱ्या गाड्यांच्या मधोमध आम्ही उभे राहिलो, टोमॅटोचे दार रांगेसमोर ठेवून. पत्नीने सगळे पडदे बाजूला सारले. दुपारपर्यंत पेले अपुरे पडले. हसलेली मंडळी आपापले कप घेऊन आली. कार्यवाहही आले. तिने त्यांना आले घातलेला चहा दिला. मी हरकत घेतली नाही, कारण आतिथ्य तिच्या अधिकारक्षेत्रात येते.

परंतु चहाच्या वाफेआड ते "सॉरी काका" असे जे पुटपुटले, ते मी नोंदीस घेत नाही. हेटाळणी सर्वांदेखत झाली, माझ्या पत्नीसमोर झाली. म्हणून मालकांच्या पुढच्या सभेत, त्याच लोकांपुढे उभे राहून, कार्यवाहांनी उत्तर द्यावे: स्वतः मंजूर केलेल्या गाडीला त्यांनी कोणत्या नियमाखाली बाजाराचा रस्ता दाखवला?