आईचा आकडा

दवाखान्यात आमच्या आधी एक आजी होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतो गुडघा?"

"आठ! जिना चढताना नऊ." मग त्या लेकीवर खेकसल्या, "लिही की गं, बघतेस काय नुसती?"

लेकीच्या वहीत रोजचे आकडे होते. किती चाललं, कधी शेकलं, तेही. सांगायला संकोच वाटतो, पण मला त्या मुलीचा फार हेवा वाटला.

आमचा नंबर आला. आईने आधी माझ्याकडे पाहिलं. "असेल दोन-तीन."

तीस वर्षं लोकांची धुणीभांडी केलेले ते गुडघे. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून आई माझ्यापासून दुखणं लपवते. शेजारच्या काकूंना मात्र सगळं सांगते. मला काकूंचाही हेवा वाटतो. दुखणं सांगणं ही जवळीकच असते ना?

परतताना आई कठडा धरून, तिरकी होऊन एकेक पायरी उतरत होती.

"आई, खरं किती गं?"

"तुझी परीक्षा होऊ दे, मग सांगते."

घरी येऊन मी कोऱ्या वहीत तारीख घातली. पुढे आकड्यापुरती जागा सोडली.