माडाला मिठी मारणारा भाऊ

केळव्याच्या पानवाडीत ऊन येतं ते गाळून येतं. त्या हिरव्या सावलीत प्रेमला नागवेली बांधायची. केळीच्या सोपटाचा दोरा, वेलाचा कोवळा सांधा आणि तिची बोटं. गाठ इतकी सैल की वेलाला कळू नये, इतकी पक्की की खाऱ्या वाऱ्याने सुटू नये. आमच्या गावात वेल बांधणाऱ्या पुष्कळ झाल्या. अशी गाठ मी दुसरीची पाहिली नाही.

तिच्या मागे तिचा कृष्णकांत असायचा. वय चौदा, उंची आईपेक्षा जास्त, बोलणं मात्र दोन-चार शब्दांचं. अनोळखी माणूस जवळ आलं की तो मान वळवायचा आणि दोन्ही हात पाखरासारखे फडफडवायचा. प्रेमला त्याच्या हातात सोपट द्यायची. मग हात शांत व्हायचे.

पासष्टच्या हिवाळ्यात मुंबईच्या एका इस्पितळातून विजया नावाची डॉक्टरीण गावात आली. जन्मापासून मंद वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास चालला होता. मुलाचं थोडं रक्त आणि घरातल्या सगळ्यांच्या तळहातांचे शाईचे ठसे तिला हवे होते.

प्रेमलाचे सासरे, तात्या, ओटीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांचा अडकित्ता थांबला.

"तिकडं तारापुराला वीजघराच्या कागदावर अंगठं दिलं न गावं उठली," ते म्हणाले. "ही बाय तर आख्खा पंजा मागते! अंगठ्याला जमीन, तर पंज्याला काय? वाडी, विहीर न आमी सगळी?"

डॉक्टरीण हसली. "तात्या, मला वाडी नको. तळहाताच्या रेषांवरून काही कळतं का, ते बघायचंय. तुम्ही नाही म्हटलंत तरी मी मुलाला तपासेन, औषध देईन." मग ती प्रेमलाकडे वळली. "ताई, माहेरी असं कोणी आहे?"

प्रेमलाची सासरची जागा त्या एका प्रश्नावर उभी होती. माकुणसारला तिचा धाकटा भाऊ होता, दिनानाथ. तोही असाच. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी सांगितलं होतं की पोरगा लहानपणी माडावरून पडला. तेच तिने इतकी वर्षं सांगितलं.

"भाऊ हाय," ती म्हणाली. "पण तो माडावरून पडला."

"पडल्यामुळे झालं असेल तर त्याचा ठसा नको," डॉक्टरीण म्हणाली. "जन्मापासून असेल तर मात्र हवा. हे आईच्या बाजूने येतं का, ते त्यावरून शोधता येईल. औषध अजून कुणाकडेच नाही. पण तुमच्या मंगलाला उद्या मुलं होतील. तिला सांगण्यासारखं काहीतरी आपल्याकडे असावं. मी रविवारी परत येईन."

मंगला कृष्णकांतची थोरली बहीण. तिच्यासाठी चिंचणीचं स्थळ आलं होतं. ती दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती.

त्यानंतर प्रेमलाची गाठ बिघडली. वेल सुटू लागले. खरं सांगावं तर सासर म्हणणार, फसवून आलीस. मंगलाचं स्थळही जाईल. न सांगावं तर मंगला तिच्यासारखीच काही न कळता दुसऱ्याच्या घरी जाणार.

शनिवारी दुपारी तात्या पाटाला पाणी सोडत होते. प्रेमला समोर जाऊन उभी राहिली.

"तात्या, दिना माडावरून पडला नाय. तो जन्मलाच तसा."

पाणी वाहत राहिलं. तात्यांनी फावड्याने बांध नीट केला.

"माडावरून पडलेला माणूस माडाला भितो," ते म्हणाले. "तुझा भाऊ तुझ्या लग्नात मांडवाशेजारच्या माडाला मिठी मारून उभा होता. सोडवायला चौघं लागली. मी काय आंधळा होतो?"

प्रेमला पाटाच्या कडेलाच बसली. "मग मला सून केलीत कशी?"

"मुलगी बघायला आलो तेव्हा तू त्याला भरवत होतीस. त्याने भात थुंकला तुझ्या नव्या लुगड्यावर. तू ते पुसलंस न दुसरा घास केलास. मी म्हटलं, हीच आणायची." त्यांनी फावडं खांद्यावर घेतलं. "चिंचणीवाल्यांना मी सांगतो. आपल्याला लपवलेलं चाललं, पण मंगलाच्या मागे ते नको. ज्यांना जायचं ते जातील. न आता रडतेस काय? गाडी जुंपायला सांग. दिन्याला आणायचाय."

रविवारी दिनानाथ बैलगाडीतून आला. डॉक्टरणीने त्याच्या तळहातावर काळी शाई फिरवली तसे त्याचे हात फडफडू लागले. कृष्णकांत त्याच्याकडे बघत राहिला आणि त्यानेही हात फडफडवले. मामा-भाचे असे समोरासमोर बराच वेळ. प्रेमलाने भावाचं मनगट धरलं, वेलाचं कोवळं टोक धरावं तसं, आणि कागदावर टेकवलं.

ठसा उमटला. पण तो हात सुटताच दिनानाथ तात्यांकडे धावला, त्यांना माडासारखी मिठी मारली, आणि पांढऱ्या बंडीवर पाठीमागे काळा पंजा उठला.

तात्यांनी मान वळवून पाठ बघायचा प्रयत्न केला.

"गेली वाडी!" ते म्हणाले. "घ्या, मी पण गेलो याच्या नावावर."

मंगला हसली ती पहिली. मग प्रेमला.

चिंचणीचं स्थळ परत आलं नाही. दुसरं आलं, सगळं ऐकून. दिनानाथ माकुणसारला परत गेला तो फक्त कपडे आणायला. पुढे पानवाडीत प्रेमलाच्या मागे दोघं दिसायचे, हातात सोपट घेऊन.