उतरत्या भाजणीचे फोन

अलकनंदा दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर. पत्राला उत्तर आलं नाही की आठव्या दिवशी स्मरणपत्र आणि पंधराव्या दिवशी दुसरं, अशी तिची ख्याती. त्याच शिस्तीने ती लेकीला, उल्काला, दिवसातून चार फोन करायची. उल्का शिकायला म्हणून मुनिरकात भाड्याच्या खोलीत राहायची. आईचं क्वार्टर आर. के. पुरमला, चालत वीस मिनिटांवर. तरी चार फोन. शिवाय रविवारी भाजीला अलकनंदा नेमकी मुनिरकालाच जायची.

"आपल्या सेक्टरात भेंडी मिळेनाशी झाली वाटतं," असं म्हणत जयंत, तिचा नवरा, पिशवी हातात द्यायचा.

काळजीला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी उल्का नैराश्याने पार कोलमडली होती. औषधाने सावरली, आणि गेल्या वर्षी बरं वाटतंय म्हणून कुणालाही न सांगता तिने गोळ्या एका दिवसात बंद केल्या. अकरा दिवस चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं, उगीचच रडू. आणि आईच्या चारही फोनांना एकच उत्तर, "मस्त आहे." शेवटी डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. अलकनंदाला त्या झटक्यांपेक्षा ते "मस्त आहे" जास्त लागलं होतं.

आता डॉक्टरांनीच गोळी कमी करायला घेतली. अगदी हळू, एकेका पायरीवर निदान चार आठवडे. तो कागद घेऊन उल्का घरी आली आणि पोहे खाता खाता तिने त्याच्याशेजारी दुसरा कागद ठेवला.

"हे काय?"

"तुझा कोर्स. या महिन्यात तीन फोन, पुढच्या महिन्यात दोन, मग एक. त्यानंतर मी करीन तेव्हाच."

"म्हणजे मी काय गोळी आहे?"

"यार आई, गोळी दिवसातून एकदाच असते."

जयंतला हसता हसता ठसका लागला.

"आणि मला राहवलं नाही तर?"

"तर एक पायरी मागे यायचं. मलाही डॉक्टर तेच म्हणाले. मागे येणं म्हणजे नापास होणं नाही. एकदम बंद मात्र करायचं नाही, ना माझी गोळी, ना तुझे फोन."

अलकनंदाने कागद दोनदा वाचला, 'रविवारची भाजी मोजू नये' अशी दुरुस्ती घातली आणि सही केली. पेन ठेवताना म्हणाली, "मी विचारणार नाही. पण तू सांगशील ना?"

"सांगेन."

अलकनंदाने कागदाची घडी घातली. "मस्त आहे"सुद्धा उल्काने असंच सहज म्हटलं होतं.

पहिला महिना कठीण गेला. अकरा वाजले की हात फोनकडे जाई. हाताला काम हवं म्हणून तिने दोन वर्षं अडकलेली एक फाइल मोकळी केली. दुसऱ्या महिन्यात आणखी तीन. सेक्शनमधले लोक तिला बिचकू लागले.

तिसऱ्या पायरीवर, एका बुधवारी दुपारी, उल्काचाच फोन आला.

"आई, ऐक. चार दिवस झटके येतायत. चक्करही. काल लायब्ररीत एका खुर्चीवरून मी कुणाशी तरी कचाकचा भांडले. गोळी मी माझ्या मनाने बदललेली नाही. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मागच्या डोसवर ये, तिथे थोडी थांब, मग आणखी छोट्या पायऱ्या करू."

"बरं," अलकनंदा म्हणाली. तिने नाक ओढलं.

"रडतेस का?"

"नाही गं. येऊ का?"

"ये ना. छोले-भटुरे खाऊ. आणि झटके येतायत का म्हणून माझ्याकडे बघत बसू नकोस, बिल्कुल नाही."

तिने अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. कारण लिहिलं, मुलगी आजारी. समोरच्या टेबलावरच्या लतिकाने अर्ज वाचला, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"ताई, मुलगी आजारी, आणि तुम्ही हसताय?"

"तिनं सांगितलं मला," अलकनंदा पर्स उचलत म्हणाली. "न विचारता."