जे घडलं नाही त्याचा पंचनामा

ती घटना आजही आठवते, असं लिहायची आम्हा पोलिसांची रीतच आहे. पण आठवायला आधी विसरावं लागतं, आणि ही मला विसरताच आलेली नाही.

खून नव्हता की दरोडा नव्हता. एका लग्नातली गोष्ट. मी तेव्हा गारगोटीच्या बाजूला एका ठाण्याची प्रभारी होते. शिपाई म्हणून भरती झालेली बाई मी, खात्याच्या परीक्षा देत अधिकारी झाले. हेलिकॉप्टरमधलं मला काय कळणार? पण माणसं जरा कळायची.

मे महिना. एका बड्या बागायतदाराच्या लेकीचं लग्न. लेक हेलिकॉप्टरनं कागलला सासरी जाणार, हे आप्पांनी, म्हणजे नवरीच्या बापानं, तालुकाभर सांगितलेलं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि आमच्या ठाणे अंमलदाराला कंट्रोल रूमचा निरोप आला. कुणीतरी खबर दिली होती, की पायलट दारू प्यायलाय, त्याला उडवू देऊ नका. स्टेशन डायरीला नोंद केली, दोन शिपाई घेतले आणि निघाले.

शेतात पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या वर्तुळात ते यंत्र उभं. भोवती गर्दी. पायलट पन्नाशीच्या अलीकडचा, सैन्यातून निवृत्त झालेला, दाराला पाठ लावून पश्चिमेकडं बघत होता.

आप्पा धावतच आले. "मॅडम, सकाळधरनं ह्यो मागंपुढं करतोय. आता म्हनतोय उडवत न्हाय. आन् कळतंय काय, तर पिलाय!"

पायलट शांतपणे म्हणाला, "मॅडम, तपासणीला मी तयार आहे. पण त्या डोंगरावर बघा. वळीव बांधतोय, वारा फिरलाय. वाटेत ढगात सापडलो तर डोंगर दिसणार नाही. थोडं थांबू, नाहीतर नवरीला गाडीनं न्या."

मी त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. गाडीत तो एकच वाक्य बोलला. "वर गेल्यावर नाही म्हणता येत नाही, मॅडम. खालीच म्हणावं लागतं." डॉक्टरांनी तपासलं. दारूचा लवलेश नाही, तसं लिहून दिलं. परत येऊन मी सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितलं, की हा माणूस प्यायलेला नाही. वाटलं, आता तरी गर्दी निवळेल.

तर नवरीची आत्या पुढं आली. "शुद्धीवर हाय न्हवं? मग उडव की आता!"

मागून कुणीतरी ओरडलं, "न्हाय तर असं करा पावणं, वाईच घ्याच आता. धीर यील!"

सगळं शेत हसलं. हसू पायलटच्याही तोंडावर आलं. पण माणूस जागचा हलला नाही. आप्पांचा चेहरा मात्र मला बघवेना. भावकीसमोर मान खाली गेली होती त्यांची. शेवटी शालू सावरत नवरीच म्हणाली, "आप्पा, जीप काढा. मला उंचावर चक्कर येती." पोरीनं बापाची लाज राखली.

आणि तो वळीव? आला नाही, बघा. डोंगराआडून दुसरीकडं सरकला. आमच्या अंगावर थेंब नाही. आप्पा मला म्हणाले, "कुठं हाय पाऊस? दावा की!" मी काय दाखवणार? पायलट चुकला की बरोबर होता, हे त्या कोरड्या शेतात कुणालाच सिद्ध करता येत नव्हतं.

मी खबरीच्या मागं लागले. फोन ज्या नंबरवरून गेला होता, तो निघाला लग्नातल्या आचाऱ्याचा. बुंदीच्या कढईपुढं बसलेला तो माणूस घाबरलाच. "मी कशाला करू मॅडम? त्या हॅलिकॉप्टरवाल्या सायबानं घेतलता की फोन! बॅटरी गेली म्हनला."

साहेब म्हणजे हेलिकॉप्टर कंपनीचा माणूस, बुकिंग बघणारा. ठाण्यात बसवलं, चहा दिला. माझा अनुभव असा, की दमदाटीनं माणूस मिटतो आणि चहानं उघडतो. आधी नाही नाही म्हणाला. आचाऱ्याला समोर आणून बसवल्यावर कबूल झाला.

"सीझन आहे मॅडम. संध्याकाळी पुढचं बुकिंग होतं. नाही म्हणणारा पायलट आम्हाला परवडत नाही. दुसरा कोल्हापुरात हॉटेलात बसलेला होता. तो कधी नाही म्हणत नाही. हवेच्या कारणावरून ह्याला आम्हाला काढता येत नव्हतं. तुम्ही दारूवरून बाजूला केलं असतं, की दुसऱ्याला बोलावलं असतं."

मी विचारलं, "आणि नवरा-नवरीबरोबर तुम्ही बसणार होता का त्यात?"

त्यानं कप बशीत ठेवला. म्हणाला, "मी गाडीनं जाणार होतो."

खोटी खबर दिल्याबद्दल कारवाई केली. किरकोळ दंडावर सुटला आणि परत बुकिंग घ्यायला लागला. पायलटनं डॉक्टरांच्या दाखल्याची नक्कल मागून घेतली, कंपनीला दाखवतो म्हणाला. काही महिन्यांनी त्याचा फोन आला. "दाखवला मॅडम. ते म्हणाले, प्रश्न पिण्याचा नाहीच." काम बंद झालं होतं. मुलीचं शिक्षण चालू होतं. दूरच्या डोंगराळ राज्यात यात्रेकरूंच्या फेऱ्या मारायचं काम मिळालं होतं.

मी म्हटलं, "तिथं तरी नाही म्हणता येतं का हो?"

तो म्हणाला, "आता म्हणत नाही, मॅडम."

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात बातम्यांत त्याचा फोटो दिसला. ढगात हेलिकॉप्टर डोंगराला धडकलं. माणसं आणायला निघाला होता, आत एकटाच होता. खाली एका ओळीत लिहिलं होतं, पायलटची चूक असावी. मी टीव्ही बंद केला. आमच्या ह्यांनी विचारलं, ओळखीचा होता का? म्हटलं, एका लग्नात भेटला होता.

एवढ्या नोकरीत मी किती पंचनामे केले असतील! मेल्याचे केले, जळाल्याचे केले. पण जे घडलंच नाही त्याचा पंचनामा कसा करायचा, हे मला कुणी शिकवलं नाही. त्या दिवशी एक नवरी, एक नवरा आणि तो स्वतः सुखरूप घरी गेले, एवढंच घडलं. त्याचा पुरावा नसतो, आणि पुरावा नाही म्हणून शिक्षा मात्र होते.

परवा गारगोटीच्या बाजारात आप्पा भेटले. थकलेत आता. लेकीला दोन मुलं आहेत म्हणाले. मग जवळ सरकून हळूच बोलले, "मॅडम, त्यो पायलट मेला म्हनं. बातमीत दावत हुते."

"व्हय आप्पा."

"म्हटलं न्हवतं मी? पिनाराच हुता त्यो."

"आप्पा, मी स्वतः तपासून आणला होता. तुमच्यासमोर सांगितलं होतं, प्यायलेला नव्हता म्हणून."

"असंल," आप्पा म्हणाले, आणि पिशवी उचलली. "पर समद्या गावाला ठावं हाय की."