कात्रीचं भोक

रफूवालीची खोली इस्त्रीच्या दुकानामागे, जिन्याखाली होती. ताठ उभं राहिलं की डोक्याला पायरी लागायची. तिथे बसून तिने तीस वर्षं लोकांच्या कोटांची, शालींची, पँटींची भोकं बुजवली. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे, उभे ताणायचे, त्यांतून आडवे विणायचे. गिऱ्हाइकाने भोक शोधावं आणि ते त्याला सापडू नये, एवढाच तिच्या कामाचा कायदा. सापडलं तर काम फुकट.

आता डोळे दगा देत होते. दिव्याखाली पांढरं, करडं दिसायचं. काळं दिसेनासं झालं होतं. "चष्मा बदलून काही होणार नाही, दिवसाच्या उजेडात बसत जा," असं डॉक्टरने सांगितलं, जसा काही उजेड औषधाच्या दुकानात मिळतो. आणि गिऱ्हाइकांचे निम्मे कपडे काळे.

म्हणून डबीताई आली तेव्हा रफूवालीने तिला बसायला स्टूल दिलं. एरवी दिलं नसतं.

डबीताई म्हणजे समोरच्या उंच इमारतीतली बाई. वर्षभराचा आपला सगळा कचरा एका काचेच्या डबीत मावतो, असं ती सभांमधून सांगायची आणि डबी वर करून दाखवायची. डबीत न मावणारा कचरा तिची कामवाली मागच्या जिन्याने खाली आणायची, तो इस्त्रीवाल्याच्या दारावरून जायचा. त्यात खोके असायचे, खोक्यांत कागदाचा भुसा, आणि त्या भुशातून आलेल्या बांबूच्या चमच्यांची पाकिटं. पण ते डबीत नव्हतं, म्हणजे नव्हतंच.

"काकू, मी दुरुस्तीचं केंद्र उघडतेय," डबीताई म्हणाली. "पहिल्या मजल्यावर. लोकांनी नवं घ्यायचं नाही, जुनंच वापरायचं. मला तुमच्यासारखं अस्सल माणूस हवंय. खिडकीची जागा तुमची."

"कुठल्या दिशेची खिडकी?"

"अं? पूर्वेची असेल."

"असेल नको. सकाळी ऊन येतं का?"

"भरपूर."

रफूवालीने हातातली सुई उशीत खोचली. पूर्वेची खिडकी मिळाली तर काळा कोट आणखी दहा वर्षं हातात धरता आला असता.

डबीताईने पिशवीतून एक करडा लोकरी कोट काढला. "माझ्या आजोबांचा. कसर लागलीय. उद्घाटनाला सगळ्यांसमोर दाखवायचाय. फक्त एक करा, लाल धाग्याने करा. दुरुस्ती दिसली पाहिजे, काकू. लपवायची नाही, मिरवायची."

ती गेल्यावर रफूवालीने कोट मांडीवर पसरला. कसर खाते तेव्हा कुरतडत खाते, एका भोकाशेजारी चार बारकी भोकं पडतात, कडेचे धागे पिंजतात. इथे बाहीवर एकच भोक, नाण्याएवढं गोल, आणि कडा सरळ तुटलेल्या. तिने खिशात हात घालून पाहिला. हात जाईना. नव्या कोटाच्या खिशांना दुकानातून येताना जे कच्चे टाके असतात, ते तसेच होते. म्हणजे आजोबांनी जन्मात कधी खिशात हात घातला नव्हता.

संध्याकाळी तिने ते घरी सांगितलं. सून जेवण वाढत होती.

"मग काय झालं?" सून म्हणाली. "तिचा कोट, तिची कात्री. तुम्ही लाल दोरा घाला आणि खिडकीत बसा."

"चांगला कोट कापला गं तिने. कापून कचरा वाचवतेय."

"वाचवू दे. लाल दोरा तुमच्या पोटातून काढायचाय का? डोळ्यांचं बघा आधी. उद्या भाजी निवडताना अळी दिसणार नाही, मग मलाच ऐकावं लागेल."

"भाजी बिनअळीची असली तरी तुला ऐकावंच लागतं."

"तेच म्हणतेय," सून म्हणाली आणि भांडी उचलून गेली.

सून बरोबर बोलत होती, हे रफूवालीला कळत होतं. दुसऱ्या दिवशी तिने लाल धागा आणला, सुईत ओवला, कोट पुढ्यात घेतला. दुपारपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग सुईतला लाल धागा काढून टाकला आणि कोटाचं अस्तर उसवलं.

उद्घाटनाला चाळीसेक माणसं जमली. बहुतेकांचे कपडे मुद्दाम ठिगळं लावल्यासारखे, आणि ठिगळं कपड्यांहून महाग. डबीताईने कोट उंच धरला. "ही बघा आजोबांच्या कोटाची..." म्हणून तिने उजवी बाही फिरवली, मग डावी, मग पुन्हा उजवी. समोर माना लांब झाल्या. कुणीतरी चष्मा लावला.

"काकू, कुठे केलंय?"

"सापडत नाही ना? मग झालं काम."

"अहो, पण लाल सांगितलं होतं. उसवून परत करता येईल का? आत्ता, इथेच?"

"उसवायचं कसं, ताई? पहिल्यासारखं भोक हवं असेल तर तुम्हालाच परत कात्री लावावी लागेल. आणि खिशाचे टाके काढून टाका, आजोबा नवे दिसतात."

दोघे-तिघे हसले. रफूवालीला वाटलं, आता बाई शरमेल. पण डबीताईने कोट छातीशी धरला, घसा साफ केला आणि म्हणाली, "बघा, हेच मला दाखवायचं होतं. आपण दुरुस्ती लपवायला शिकलोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी कात्रीचं ऐकलं होतं, त्यांनीही वाजवल्या. खिडकीपाशी एका सडपातळ मुलीला बसवलं गेलं. तिच्याजवळ सात रंगांचे धागे होते आणि सुई धरायची पद्धत दाभण धरल्यासारखी.

रफूवाली कठडा धरून जिना उतरली. मागून एक माणूस धावत आला, त्या सगळ्यांत एकटाच साध्या कपड्यातला.

"बाई, मला तसं न दिसणारंच करून हवंय. एकच पँट आहे कामावर जायची, गुडघ्याला गेलीय. कुठे बसता तुम्ही?"

"इस्त्रीवाल्याच्या मागे. रंग कुठला?"

"काळा."

तिने एकदा वरच्या खिडकीकडे पाहिलं.

"मग नको आणू," ती म्हणाली. "काळं मला दिसत नाही."